निर्वासितांचा कैवारी : फ्रिट्यॉफ नान्सेन

इ. स. १९१४ साली सुरू झालेले पहिले महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी थांबले. जेत्या राष्ट्रांच्या शहरांतून घंटा वाजल्या, लोकांनी रस्त्यांवर येऊन आनंदोत्सव केला. परंतु युद्ध थांबले म्हणजे युद्धाने निर्माण केलेली दुःखे त्याच दिवशी संपतात असे नाही. त्या दिवशी लक्षावधी सैनिक शत्रूच्या मुलखात कैदी म्हणून पडले होते. ऑस्ट्रिया, हंगेरी आणि जर्मनी येथील सैनिक रशियात, सायबेरियाच्या गोठलेल्या प्रदेशापर्यंत विखुरले होते. तर रशियाचे सैनिक जर्मनीतील छावण्यांत खितपत पडले होते. कित्येकांना आपल्या घरची वार्ता वर्षानुवर्षे कळली नव्हती. अंगावर पुरेसे वस्त्र नाही, पोटाला पुरेसे अन्न नाही, आणि विषमज्वरासारख्या रोगांची साथ पसरलेली, अशा स्थितीत ते दिवस कंठीत होते. युद्ध संपून दीड वर्ष लोटले, तरी त्यांतील पुष्कळ जण घरी परतले नव्हते.

या दुर्दैवी जीवांना घरी पोचविण्याचे काम ज्याने शिरावर घेतले, तो पुरुष सेनापती नव्हता की कोणत्याही देशाचा प्रधान नव्हता. तो होता एक शास्त्रज्ञ व संशोधक. त्याचे नाव फ्रिट्यॉफ नान्सेन.

नान्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी नॉर्वे देशाच्या राजधानीजवळ झाला. या राजधानीला त्या काळी क्रिस्तियानिया म्हणत. आज तिचे नाव ऑस्लो आहे. वडील वकील होते. ते शिस्तीचे, काटकसरीचे व प्रामाणिक गृहस्थ होते. आई धीट व कष्टाळू होती. बर्फावरून घसरत जाण्यासाठी पायांना लांब लाकडी पट्ट्या बांधतात, त्यांना स्की म्हणतात. स्त्रियांनी स्कीवरून जाणे त्या काळी शिष्टसंमत नव्हते. तरी ही माता स्की चालवीत असे. अशा आईबापांच्या पोटी आलेला फ्रिट्यॉफ लहानपणापासून रानावनांत रमला. तो थोडीशी शिदोरी घेऊन एकटाच जंगलात जाई, मासे पकडी, उघड्यावर झोपे व दिवसच्या दिवस तेथे काढी. थंडी, भूक आणि एकांत यांची भीती त्याच्या मनातून लहान वयातच नाहीशी झाली.

पुढे विद्यापीठात नान्सेन यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. वयाच्या विसाव्या वर्षी ते सील प्राण्यांची शिकार करणाऱ्या एका जहाजावरून उत्तरेच्या समुद्रात गेले. तेथे त्यांना ग्रीनलंड बेटाचा हिमाच्छादित किनारा दिसला, आणि हे बेट ओलांडून जाण्याचा ध्यास त्यांच्या मनाने घेतला. त्यापूर्वी अनेकांनी असे प्रयत्न केले होते. बहुतेक जण वस्ती असलेल्या पश्चिम किनाऱ्यावरून निघत आणि संकट येताच माघारी फिरत. नान्सेन यांनी उलट बेत केला. ओसाड पूर्व किनाऱ्यावरून निघावयाचे आणि वस्तीच्या पश्चिम किनाऱ्याकडे जावयाचे, असे त्यांनी ठरविले. याचा अर्थ असा की, मागे परतण्यात मरण होते. जगावयाचे तर पुढेच गेले पाहिजे. पुष्कळांनी हा बेत वेडेपणाचा ठरविला. परंतु इ. स. १८८८ साली नान्सेन आणि त्यांचे पाच सोबती यांनी तो तडीस नेला, आणि आतापर्यंत कोणीही न ओलांडलेले ते हिमक्षेत्र पार केले.

यानंतर त्यांनी याहून मोठे साहस आरंभिले. सायबेरियाच्या उत्तरेस बर्फात चिरडून बुडालेल्या एका जहाजाचे अवशेष काही वर्षांनी दूर ग्रीनलंडच्या किनाऱ्याला लागले होते. त्यावरून ध्रुवाकडील बर्फ समुद्राच्या प्रवाहाबरोबर वाहत असले पाहिजे, असे अनुमान नान्सेन यांनी बांधले. त्यांनी ‘फ्राम’ नावाचे एक जहाज बांधून घेतले. या नावाचा अर्थ ‘पुढे’ असा आहे. त्याचा तळ इतका गोल व मजबूत होता की, बर्फाचा दाब पडताच ते चिरडण्याऐवजी वर उचलले जाई. इ. स. १८९३ साली बारा सोबत्यांसह ते निघाले आणि जहाज मुद्दाम बर्फात अडकू देऊन त्याबरोबर वाहू लागले. जहाज ध्रुवापर्यंत पोचणार नाही असे दिसताच, १४ मार्च १८९५ रोजी नान्सेन आणि त्यांचे सोबती योहान्सेन हे दोघे कुत्र्यांच्या गाड्या घेऊन पायी निघाले. ते उत्तर अक्षांश ८६ अंश १४ मिनिटे येथवर पोचले. तोपर्यंत कोणीही मनुष्य इतक्या उत्तरेस गेला नव्हता.

परतीचा मार्ग फार खडतर होता. दगड आणि वालरस नावाच्या सागरी प्राण्याचे कातडे यांची झोपडी बांधून आणि अस्वलांचे मांस खाऊन त्या दोघांनी एक संपूर्ण हिवाळा काढला. एकदा तर त्यांच्या दोन्ही होड्या दोर सुटून वाहू लागल्या. सारे अन्न, बंदुका व सामान त्यांतच होते. नान्सेन यांनी क्षणाचाही विलंब न लावता त्या गोठविणाऱ्या पाण्यात उडी घेतली. हातपाय बधिर होत असतानाही ते पोहत राहिले आणि होड्या परत घेऊन आले. इ. स. १८९६ साली ते सुखरूप स्वदेशी पोचले. थोड्याच दिवसांत ‘फ्राम’ही सर्व सोबत्यांसह परत आले. एकही माणूस दगावला नाही. नान्सेन यांचे नाव साऱ्या जगात दुमदुमले.

यानंतर ते विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि समुद्राच्या प्रवाहांविषयी संशोधन करू लागले. इ. स. १९०५ साली नॉर्वे स्वीडनपासून अलग होऊन स्वतंत्र झाला, तेव्हा ही घटना रक्तपात न होता घडावी म्हणून त्यांनी खटपट केली. पुढे दोन वर्षे ते लंडनमध्ये आपल्या देशाचे वकील होते. महायुद्धाच्या काळात नॉर्वेत धान्याची टंचाई झाली, तेव्हा अमेरिकेत जाऊन त्यांनी मोठ्या चिकाटीने बोलणी केली आणि आपल्या देशबांधवांसाठी धान्य मिळविले.

महायुद्धानंतर पुन्हा युद्ध होऊ नये म्हणून राष्ट्रसंघाची स्थापना झाली. युद्धकैद्यांना घरी पोचविण्याचे काम कोणावर सोपवावे, हा प्रश्न राष्ट्रसंघापुढे आला. इ. स. १९२० च्या एप्रिल महिन्यात हे काम नान्सेन यांनी स्वीकारावे अशी त्यांना विनंती करण्यात आली. त्या वेळी त्यांचे वय ५८ वर्षांचे होते. राहिलेले आयुष्य शास्त्रीय संशोधनात घालवावे अशी त्यांची मनापासून इच्छा होती, म्हणून प्रथम ते कचरले. परंतु परमुलखात तडफडणाऱ्या लक्षावधी माणसांचे दुःख ऐकल्यावर त्यांना स्वस्थ बसवेना. त्यांनी काम पत्करले.

अडचणी अनेक होत्या. राष्ट्रसंघाजवळ पैसा थोडा होता आणि जहाजे मुळीच नव्हती. रशियात क्रांती होऊन नवे सरकार आले होते. राष्ट्रसंघातील बड्या राष्ट्रांनी त्या सरकारला मान्यता दिली नव्हती, आणि ते सरकारही राष्ट्रसंघाला मानावयास तयार नव्हते. मग बोलणी करावयाची कोणी आणि कोणाशी? नान्सेन स्वतः मॉस्कोस गेले. राष्ट्रसंघाशी आपला काहीही संबंध नाही, परंतु नान्सेन यांच्याशी आपण बोलू, असे रशियाच्या सरकारने सांगितले. एका माणसाच्या सचोटीवर दोन्ही बाजूंनी विश्वास ठेवला, आणि जे काम संस्थेच्या नावाने झाले नसते ते झाले. कैद्यांना आगगाड्यांनी सरहद्दीपर्यंत आणून देण्याचे रशियाने कबूल केले.

इकडे नान्सेन यांनी निरनिराळ्या सरकारांकडून कर्जाऊ पैसा मिळविला. युद्धात जर्मनीची जी जहाजे दोस्त राष्ट्रांनी ताब्यात घेतली होती, त्यांपैकी काही त्यांनी मागून घेतली. एस्टोनियातील नार्वा हे गाव या कामाचे एक मोठे केंद्र बनले. रशियातून आलेल्या कैद्यांना तेथे अन्न व वस्त्र मिळे, त्यांची वैद्यकीय तपासणी होई, आणि मग बाल्टिक समुद्रातून जहाजे त्यांना जर्मनीकडे घेऊन जात. परत येताना तीच जहाजे जर्मनीतील रशियन कैद्यांना घेऊन येत. त्यामुळे एकही फेरी रिकामी जात नसे. कैदी कोणत्या बाजूने लढला, हे तेथे कोणी विचारीत नसे. इ. स. १९२२ साली हे काम पुरे झाल्याचे नान्सेन यांनी राष्ट्रसंघाला कळविले. तिसेक देशांचे ४,२७,८८६ कैदी आपापल्या घरी पोचले होते. आणि दर माणशी खर्च एका पौंडाहूनही कमी आला होता.

हे काम चालू असतानाच दुसरे संकट पुढे उभे राहिले. क्रांतीनंतर रशियात यादवी युद्ध पेटले होते. त्यात पराभूत झालेले सैनिक, त्यांची बायकामुले, शिक्षक, व्यापारी, शेतकरी असे सुमारे दहा ते पंधरा लाख लोक देश सोडून बाहेर पडले. इ. स. १९२० च्या नोव्हेंबर महिन्यात क्रिमियातून सुमारे दीड लाख सैनिक व नागरिक जहाजांत दाटीवाटीने बसून कॉन्स्टँटिनोपल येथे आले. ज्यांनी कालपर्यंत घरदार सांभाळले, तेच लोक आज रस्त्यावर अंगावरचे दागिने आणि कपडे विकू लागले. राष्ट्रसंघाने इ. स. १९२१ साली या निर्वासितांचे कामही नान्सेन यांच्याकडेच सोपविले.

या लोकांचे एक दुःख अन्नवस्त्राच्या दुःखाहूनही विचित्र होते. रशियाच्या नव्या सरकारने त्यांचे नागरिकत्व काढून घेतले. त्यांच्याजवळ पारपत्र नव्हते. पारपत्र नाही म्हणून दुसऱ्या देशात प्रवेश नाही. प्रवेश नाही म्हणून काम नाही. आणि काम नाही म्हणून अन्न नाही. एखाद्या देशात चोरून शिरलेच, तर तेथून त्यांना हाकलून देत. आणि जावयाचे म्हटले तर जगात त्यांना आपला म्हणणारा देशच उरला नव्हता. नान्सेन यांनी यावर एक साधा तोडगा काढला. निर्वासिताचे नाव, वय, छायाचित्र व इतर माहिती असलेले एक ओळखपत्र द्यावे आणि सर्व सरकारांनी ते मान्य करावे, असे त्यांनी सुचविले. इ. स. १९२२ च्या जुलै महिन्यात जिनीव्हा येथील परिषदेत ही सूचना मान्य झाली. लोक या पत्राला ‘नान्सेन पारपत्र’ म्हणू लागले. पुढे पन्नासाहून अधिक देशांनी ते मान्य केले आणि सुमारे साडेचार लाख निर्वासितांना ते मिळाले. चित्रकार मार्क शागाल आणि संगीतकार इगोर स्त्राविन्स्की यांच्यासारख्या कलावंतांनाही या पारपत्राचा आधार झाला. एका कागदाच्या तुकड्याने माणसाला पुन्हा माणूस म्हणून उभे केले.

इ. स. १९२१ साली रशियातील व्होल्गा नदीच्या खोऱ्यात भीषण दुष्काळ पडला. अनेक वर्षांच्या युद्धाने शेती उद्ध्वस्त झाली होती, सरकारने शेतकऱ्यांचे धान्य सक्तीने नेले होते, आणि त्यात पावसानेही दगा दिला. लोक गवत, झाडांच्या साली आणि माती मिसळलेली भाकरी खाऊ लागले. नान्सेन यांनी राष्ट्रसंघाच्या सभेत कळकळीने मदत मागितली. अमेरिकेत धान्य कुजत आहे, आर्जेंटिनात मक्याचे सरपण होत आहे, जहाजे बंदरांत रिकामी उभी आहेत, आणि तरीही लक्षावधी माणसे उपाशी मरत आहेत, हे त्यांनी परोपरीने सांगितले. परंतु अन्न पाठविल्याने रशियाचे नवे सरकार बळकट होईल, अशी भीती अनेक सरकारांना वाटत होती. त्यांनी नकार दिला. सरकारचा राग धरून भुकेल्या मुलांना अन्न नाकारणे नान्सेन यांना पटले नाही. काही वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर टीका केली, त्यांच्या हेतूंविषयी शंका घेतली. पण ते डगमगले नाहीत.

ते स्वतः दुष्काळी मुलखात गेले. थंडीने कुडकुडणारी, हाडांचे सापळे झालेली मुले त्यांनी पाहिली, त्यांची छायाचित्रे घेतली. मग युरोप व अमेरिकेतील शहरांत व्याख्याने देऊन आणि ती चित्रे पडद्यावर दाखवून त्यांनी लोकांकडे मदत मागितली. सरकारांनी जे दिले नाही, ते सामान्य माणसांनी दिले. अमेरिकेच्या हर्बर्ट हूव्हर यांच्या संस्थेने तर याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर मदत केली; ऐन भराच्या काळात ती एक कोटीहून अधिक लोकांना रोज अन्न पुरवीत होती. असे असूनही या दुष्काळात सुमारे पन्नास लाख माणसे मृत्युमुखी पडली असे मानले जाते. मदत वेळीच आली असती, तर यांतील कित्येक जण वाचले असते, ही खंत नान्सेन यांच्या मनातून कधी गेली नाही.

इ. स. १९२२ च्या डिसेंबर महिन्यात नान्सेन यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही रक्कम त्यांनी निर्वासितांसाठी आणि रशियातील शेतीसुधारणेच्या कामासाठी खर्च केली. डेन्मार्कमधील एका प्रकाशकाने तेवढीच रक्कम आपणहून त्यांच्या हाती दिली, तीही त्यांनी त्याच कामी लावली.

त्याच सुमारास ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातील युद्धात ग्रीसचा पराभव झाला. स्मर्ना हे भरभराटीचे शहर आगीत भस्मसात झाले. लक्षावधी ग्रीक लोक जीव मुठीत धरून पळत सुटले. नान्सेन तेथेही धावून गेले. त्यांनी अन्नाची व लस टोचण्याची व्यवस्था केली. परंतु ही माणसे कायमची राहणार कोठे? अखेर तुर्कस्तानातील ग्रीक ख्रिस्ती लोकांनी ग्रीसमध्ये जावे आणि ग्रीसमधील मुसलमानांनी तुर्कस्तानात जावे, असा करार इ. स. १९२३ च्या जानेवारी महिन्यात दोन्ही देशांनी केला. नान्सेन यांनी या योजनेला पाठिंबा दिला होता. या कराराने बारा लाखांहून अधिक ख्रिस्ती आणि सुमारे साडेतीन लाख मुसलमान आपल्या पूर्वजांच्या भूमीला कायमचे अंतरले. ज्यांची संमती कोणी विचारली नाही, अशा लोकांना घरदार सोडावे लागले, याबद्दल या योजनेवर आजही टीका होते. पुन्हा कत्तली होऊ नयेत म्हणून दुसरा मार्ग नान्सेन यांना दिसला नाही. दोन वाइटांतून एक निवडण्याचा प्रसंग सज्जनांवरही येतो, आणि त्याचे दुःख त्यांना सोसावे लागते.

आर्मेनियन लोकांची कथा याहून करुण होती. इ. स. १९१५ पासून तुर्की साम्राज्यात त्यांच्या भयंकर कत्तली झाल्या होत्या, आणि वाचलेले लोक देशोदेशी भटकत होते. नान्सेन पारपत्र त्यांनाही मिळू लागले. इ. स. १९२५ साली नान्सेन आर्मेनियात गेले. तेथील रुक्ष जमिनीला कालव्यांनी पाणी देऊन हजारो निर्वासितांना वसविण्याची योजना त्यांनी तयार केली. युद्धकाळात ज्या बड्या राष्ट्रांनी आर्मेनियनांना मोठमोठी वचने दिली होती, त्यांच्याकडे ते वर्षानुवर्षे पैसा मागत राहिले. पैसा मिळाला नाही. बर्फाने ज्यांना हरविले नाही, त्यांना राष्ट्रांच्या उदासीनतेने येथे हरविले. तरीसुद्धा शक्य तितक्या आर्मेनियनांना इतरत्र आसरा मिळवून देण्याचे काम त्यांनी सोडले नाही.

श्रमांनी थकलेल्या नान्सेन यांचा १३ मे १९३० रोजी आपल्या राहत्या घरी अंत झाला. १७ मे या नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनी त्यांना अखेरचा निरोप देण्यात आला. त्यांच्या मृत्यूनंतर राष्ट्रसंघाने निर्वासितांसाठी एक कचेरी उघडली व तिला त्यांचेच नाव दिले, इ. स. १९३८ साली या कचेरीलाही शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. इ. स. १९५४ पासून संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक संस्था निर्वासितांची सेवा करणाऱ्यांना नान्सेन यांच्या नावाने पुरस्कार देत आली आहे.

नान्सेन यांनी ध्रुवाकडील बर्फ पाहिले, तसेच माणसांच्या मनांतील वैरही पाहिले. बर्फातून वाट काढताना त्यांना जे धैर्य उपयोगी पडले, तेच पुढे निराधारांच्या कामी आले. ज्या लोकांना कोणताच देश आपले म्हणत नव्हता, त्यांना त्यांनी आपले म्हटले. त्यांच्या प्रयत्नांनी घरी पोचलेल्या लक्षावधी सैनिकांपैकी बहुतेकांनी त्यांना कधी पाहिलेही नसेल. पण दारात उभ्या राहिलेल्या मुलाला पोटाशी धरणाऱ्या कितीतरी मातांनी त्या अनोळखी माणसाला मनोमन आशीर्वाद दिला असेल.

अभ्यास

१. ग्रीनलंड ओलांडण्यासाठी नान्सेन यांनी पूर्व किनारा का निवडला?
२. युद्धकैद्यांना घरी पोचविण्याच्या कामात कोणकोणत्या अडचणी होत्या? नान्सेन यांनी त्या कशा दूर केल्या?
३. ‘नान्सेन पारपत्र’ म्हणजे काय? निर्वासितांना त्याची गरज का होती?
४. दुष्काळग्रस्तांना मदत करण्यास काही सरकारांनी नकार का दिला? त्याविषयी तुम्हाला काय वाटते ते आठ-दहा ओळींत लिहा.
५. पुढील शब्दप्रयोगांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : तडीस नेणे, जीव मुठीत धरणे, शिरावर घेणे, दिवस कंठणे.